डोक्यावर हात

"स्की की बोर्ड, ते आधी ठरवा," मी म्हणालो. "एकदा पायात चढवलं की बदलायला वेळ जातो."

धक्क्यावर चेन्नईच्या नुंगंबाक्कमहून आलेलं एक कुटुंब उभं होतं. नवरा, बायको आणि दोन मुली. चौघांच्या अंगात आमची नारिंगी जॅकेटं होती आणि गेली वीस मिनिटं त्यांचा वाद चालला होता.

"स्की," नवरा म्हणाला. "दोन पाय, दोन फळ्या. सरळ काम."

"अप्पा, स्की आता कुणी करत नाही," थोरली म्हणाली. "सगळे बोर्ड करतात. स्की जुन्या काळातली माणसं करतात."

"आणि मी कुठल्या काळातला?"

"तेच सांगतेय ती," बायको म्हणाली.

अशा वेळी मध्ये पडणं हे माझं काम. मुट्टुकाडच्या खाडीवर आमचा लहानसा क्लब आहे. बोटीमागे दोर बांधून लोकांना पाण्यावरून ओढत नेतात. बोर्ड येऊन दोनच वर्षं झाली होती. त्याआधी फक्त स्की होती आणि कुणाला काही ठरवावं लागत नसे. आता प्रत्येक कुटुंब धक्क्यावर येऊन भांडतं. मी सगळ्यांना एकच सांगतो. स्कीवर प्रत्येक पायाला वेगळी फळी असते, तोंड समोर असतं, वेग जास्त लागतो. पडलात तर फळ्या पायातून निघतात आणि पाण्यावर तरंगत राहतात. बोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले असतात, आडवं उभं राहायचं, वेग कमी चालतो. पडलात तर फळीसकट पडता.

नवऱ्याने स्की घेतली. मुलींनी आपल्या पाळीसाठी बोर्ड धरून ठेवला. मी त्यांना हाताच्या खुणा दाखवल्या. अंगठा वर, म्हणजे अजून जोरात. अंगठा खाली, म्हणजे हळू. डोक्यावर तळहात थोपटला, म्हणजे पुरे, मला काठाला न्या.

"पोदुम," धाकटी म्हणाली.

"बरोबर. पोदुम. पुरे."

बोट गुरुमूर्ती चालवतो. तो पुढे बघतो. मी त्याच्या पाठीला पाठ लावून, मागे तोंड करून बसतो आणि दोराच्या टोकाला असलेल्या माणसाकडे बघतो. तो माणूस जी खूण करील ती मी गुरुमूर्तीला ओरडून सांगायची. माझं काम एवढंच.

तो गृहस्थ चार वेळा पडला. त्याची बायको आणि मुली माझ्याशेजारी बसून हसत होत्या. पाचव्या वेळी तो उभा राहिला आणि त्याला स्वतःलाच त्याचं इतकं नवल वाटलं की तो ओरडायला लागला. त्याच वेळी बोट वळली आणि मला धक्का दिसला. मॅनेजर धक्क्याच्या टोकाला उभे राहून स्वतःच्या डोक्यावर हात थोपटत होते.

"गुरुमूर्ती, परत."

"आत्ता तर उभा राहिलाय, राव सार!"

"परत."

मागे तो माणूस अंगठा वर करून अजून जोरात म्हणत होता.

मला वाटलं, हवा बिघडली असेल, किंवा कुणी मोठा पाहुणा आला असेल. धक्क्याला लागल्यावर मॅनेजर त्या कुटुंबाशी काही बोलले नाहीत. माझा दंड धरून म्हणाले, "राव, घरून फोन आहे."

फोनवर शेजारच्या अलमेलू मामी होत्या. त्या घाईघाईने तमिळमध्ये बोलत होत्या. अकरा वाजता त्या कढीपत्ता मागायला आल्या. दार उघडंच होतं. हेमावती, माझी बायको, स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. उठवलं तर उठत नाही, म्हणून रिक्षात घालून हॉस्पिटलला आणलं. "तुम्ही या. लगेच या," एवढं त्या तीन वेळा म्हणाल्या.

गुरुमूर्तीने मला मोटरसायकलवर बसवलं. मी जॅकेट काढायला विसरलो होतो. मुट्टुकाडपासून अड्यारपर्यंत किनाऱ्याच्या ईसीआर रस्त्यावर लोक माझ्याकडे बघत होते. आम्ही पोहोचलो तेव्हा साडेबारा झाले होते. हेमावती बाराला दहा कमी असताना गेली होती. ती एकोणपन्नास वर्षांची होती. ते २००७ साल होतं, पोंगलच्या आधीचा शनिवार.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. डोक्यातली नस फुटली, म्हणाले. मग विचारलं, "सकाळी डोकं दुखतंय असं काही बोलल्या होत्या का?"

"नाही."

"खुणेनं, हाताबिताने काही दाखवलं? यात आधी डोकं फार जोरात दुखतं. पहाटेपासून दुखत असणार. लवकर आणलं असतं, तर निदान काही करून बघता आलं असतं."

"नाही," मी म्हणालो.

पहिलं 'नाही' खरं होतं.

*

माझं नाव मालोजी. क्लबात सगळे राव म्हणतात. आमचे पूर्वज तंजावरचे, पण माझा जन्म मद्रासचाच. आधी मी पंपाच्या दुकानात कारकून होतो. दुकान बंद पडलं, मग छत्तिसाव्या वर्षी क्लबात तिकिटं फाडायला लागलो. एकदा बोटीवर मागे बसणारा माणूस आजारी पडला, म्हणून मला बसवलं. मला लांबचं चांगलं दिसतं आणि बोट लागत नाही. तेव्हापासून मी तिथंच बसतो. अठरा वर्षं झाली. अठरा वर्षांत पाण्यातल्या माणसाने केलेली एकही खूण माझ्याकडून चुकली नाही. कुणी मला बक्षीस दिलं नाही, पण हे गुरुमूर्तीला विचारलं तर तोही सांगेल.

क्लबात दर वर्षी मे महिन्यात स्टाफच्या घरच्यांना बोलावतात. जेवण असतं, बोटीतून फेरी असते. हेमावती एकदाच आली होती, फार वर्षांपूर्वी. ती धक्क्यावर छत्री घेऊन बसली होती. मॅनेजरांची पुतणी स्की करत होती. दमल्यावर त्या मुलीने डोक्यावर हात ठेवला, तशी हेमावती छत्री टाकून उभी राहिली.

"अय्यो, बघा हो त्या पोरीकडं! डोस्क्यावर हात ठेवला तिनं. काय झालं तिला?"

आमच्याकडे कुणी गेलं, काही बुडालं, तर माणूस डोक्यावर हात ठेवून बसतो. उगाच कुणी तसा हात ठेवला तर मोठी माणसं हातावर चापट मारतात. माझी आई, राजसबाई, असती तर तिनेही तेच विचारलं असतं. मी हेमावतीला सांगितलं की काही झालेलं नाही, ती खूण आहे, मला काठाला न्या अशी.

"मग अंगठा नाहीतर बोट दाखवायचं. डोस्कंच सापडलं होय खुणेला?"

"अंगठे दुसऱ्या कामाला लागलेत."

ती खूप हसली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघालो तेव्हा तिने फाटकातून ती खूण केली.

आम्ही तिरुवान्मियूरला राहतो. सव्वासात वाजता गल्लीच्या तोंडाशी स्टाफची व्हॅन येते. व्हॅनमध्येही मी अगदी मागच्या सीटवर, मागच्या काचेशी बसतो. सवयच आहे. त्यावरून हेमावती मला नेहमी बोलायची. "जग पुढं बघून जातं आणि आमचे हे मागं बघून. उद्या स्वर्गातही उलटे बसून जातील." पण त्यामुळेच मला गल्लीच्या आत आमचं फाटक दिसायचं आणि फाटकात ती दिसायची. व्हॅन हलली की ती डोक्यावर हात दोनदा थोपटायची. घरी परत या. मी काचेतून अंगठा वर करायचो. तेव्हा आई होती. आईला ते मुळीच आवडलं नाही. "घरातून माणूस निघतांना डोस्क्यावर हात? घराला लागेल हो." हेमावती म्हणायची, "काही लागत नाही. ह्यांना घरी या म्हणून सांगत्ये." पुढे आई गेली आणि कुणी बोलणारं राहिलं नाही. सुट्टीचा दिवस सोडला तर ती खूण रोज चालली. दोन थोपट आणि हात खाली. लगेच आत वळायची, कारण गॅसवर काहीतरी असायचं.

बोर्ड नवीन आला तेव्हा मी तिला घरी सांगितलं की आता लोकांना स्की की बोर्ड ते ठरवावं लागतं. तिने दोन्हींतला फरक नीट विचारून घेतला.

"म्हणजे बोर्डावर दोन्ही पाय एकाच फळीला?"

"हो."

"आणि पडलं की फळीसकट?"

"हो."

"मग ते मला ठाऊक आहे. एकोणतीस वर्षं तेच करत्ये."

मीही हसलो.

त्या शनिवारी सकाळी तिने मला डबा दिला. दहीभात आणि लिंबाचं लोणचं. रात्री नीट झोप लागली नाही, एवढं म्हणाली. झोप तिला कधीच नीट लागत नसे. मी चपला घातल्या. व्हॅन आली होती. मी मागच्या सीटवर बसून वळून बघितलं. ती फाटकात उभी होती. तिने हात डोक्यावर ठेवला.

थोपटला नाही. ठेवला. तळहात पूर्ण डोक्यावर, बोटं केसांत. व्हॅन हलली तरी हात तिथेच होता. दुसऱ्या हाताने तिने फाटक धरलं होतं. मला तेव्हाच वाटलं की आज हात खाली का येत नाही. एवढं वाटलं, हे मला नक्की आठवतं. मी अंगठा वर केला. व्हॅन वळली.

पाण्यातल्या माणसाने डोक्यावर हात ठेवला की का म्हणून विचारायचं नाही, ताबडतोब परत यायचं, हा नियम मी नव्या पोरांना शिकवतो.

*

आमची एकुलती एक मुलगी हरिप्रिया. जावई रघुराम इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे, म्हणून ते श्रीपेरुंबुदूरला राहतात. त्यांना एकच मुलगी, नंदिता, अकरा वर्षांची. हरिप्रिया रोज सकाळी नऊ वाजता आईला फोन करायची. नवरा कामावर, मुलगी शाळेत गेली की दोघी अर्धा तास बोलायच्या. काय बोलायच्या, देव जाणे. मला संध्याकाळी फक्त बातम्या मिळायच्या.

त्या शनिवारी तिने फोन केला नव्हता. नंदिताच्या शाळेत पोंगलचा कार्यक्रम होता आणि तिला पावडै परकर नेसवून, गजरा माळून वेळेवर पोहोचवायचं होतं. दुपारी करू, असं तिने ठरवलं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी भांडी लावता लावता म्हणाली, "आप्पा, मी नऊला फोन केला असता तर आईचा आवाज ऐकून मला कळलं असतं. तिला बरं नसलं की ती 'हं, हं' करते. मी लगेच अलमेलू मामींना सांगितलं असतं. साडेनऊला ती हॉस्पिटलात असती."

"तसं काही नसतं," मी म्हणालो.

"नसतं कसं? डॉक्टरच म्हणाले ना, लवकर आणलं असतं तर?"

डॉक्टरांचं म्हणणं तिला मीच सांगितलं होतं.

"आप्पा, सकाळी तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"नाही. रोजच्यासारखं होतं."

त्यानंतर ती दर रविवारी यायला लागली. मला रविवारी काम असतं, गर्दी असते. मी घरी पोहोचेपर्यंत तिने घर झाडलेलं असायचं, आठवड्याची सांबार पावडर, चटणी डब्यांत भरून ठेवलेली असायची. आणि दर रविवारी कधी ना कधी नऊच्या फोनचा विषय निघायचा. कधी ती म्हणायची, कधी तिच्या बोलण्याच्या पद्धतीवरून मला कळायचं. रघुरामने मला एकदा बाजूला घेऊन सांगितलं, "मामा, ती शनिवारी नऊ वाजता हात रिकामे ठेवते. काही करत नाही. फोनकडे बघत बसते. तुम्ही काही समजावा."

मी समजावतो म्हणालो.

समजावण्यासारखं माझ्याकडे एकच वाक्य होतं. ते बोललो असतो तर नऊच्या फोनचा प्रश्नच उरला नसता. सव्वासातलाच सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण ते वाक्य बोलल्यावर ती माझ्याकडे कशी बघेल, हे मला माहीत नव्हतं. हेमावतीविना घर रिकामं झालं होतं. मुलगी तेवढी यायची.

*

मे महिन्यात स्टाफच्या घरच्यांचा दिवस आला. मी जाणार नव्हतो. नंदिताने फोन केला. ती मला ताता म्हणते. शाळेत सगळी मुलं आजोबांना ताताच म्हणतात.

"ताता, पाट्टीनं मला प्रॉमिस केलं होतं. या मेमध्ये तुझ्या बोटीमागं."

हेमावतीने हे कबूल केल्याचं मला माहीत नव्हतं. मी या म्हणालो.

तिघं आली. हरिप्रियाने छत्री आणली होती, आईचीच, लाकडी मुठीची. धक्क्यावर आल्या आल्या वाद सुरू झाला.

"स्की," रघुराम म्हणाला. "पहिल्या वेळेला स्कीच बरी. दोन पायांवर तोल राहतो."

"अप्पा, प्लीज. बोर्ड."

"दोन्ही पाय बांधून पाण्यात टाकायचं पोरीला?" हरिप्रिया म्हणाली. "काही नको. नुसती बोटीतून फेरी मारू या."

"बोटीतून फेरी आजीबाई मारतात."

"मग मी आजीबाई."

"ताता, तू सांग. स्की की बोर्ड?"

नेहमीचं सगळं मला पाठ आहे. पण त्या दिवशी मी एवढंच म्हणालो, "लहान मुलं बोर्डवर लवकर उभी राहतात."

"बघ!" नंदिता ओरडली.

"राव सार आज नातीच्या बाजूला," गुरुमूर्ती बोटीतून म्हणाला. "एरवी कधी सांगत नाहीत हो. लोक तासभर भांडतात, हे नुसते उभे."

मी तिच्या पायांना शॅम्पूचं पाणी लावलं. त्याशिवाय बोर्डचे बूट पायात जात नाहीत. तिला पाण्यात बसवलं, गुडघे छातीशी. "तू दोर ओढू नकोस. दोराला तुला ओढू दे." मग खुणा. अंगठा वर, अंगठा खाली.

पुढची खूण सांगताना मी थांबलो. हरिप्रिया माझ्या शेजारी उभी होती.

"आणि पुरे झालं तर?" नंदिताने विचारलं. "सोडून द्यायचा दोर?"

ती खूण न सांगता कुणाला पाण्यात सोडत नाहीत. मी हात डोक्यावर ठेवून दोनदा थोपटला. "अशी. म्हणजे मला काठाला न्या."

हरिप्रिया माझ्याकडे बघत राहिली.

रघुराम पुढे गुरुमूर्तीजवळ बसला. हरिप्रिया मागे, माझ्या बाजूला. नंदिता दोनदा पडली, तिसऱ्यांदा उभी राहिली. वाकलेली, ढुंगण मागे काढलेलं, पण उभी. सुरूच्या झाडांच्या बाजूने आम्ही सरळ गेलो. पलीकडे उथळ पाण्यात बायका हाताने कोळंबी धरत होत्या. त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. रघुराम टाळ्या वाजवत होता.

"आप्पा," हरिप्रिया म्हणाली, "आई फाटकात करायची ती हीच ना?"

मी नंदितावरची नजर काढली नाही. "हीच."

"मला वाटायचं, ती केस सारखे करते. इतकी वर्षं मला वाटायचं केस." ती थोडं हसली. "म्हणजे ती तुम्हाला रोज घरी या म्हणून सांगायची?"

"हो."

"त्या दिवशी पण केली होती?"

इतक्यात नंदिताने एक हात हँडलवरून सोडला आणि डोक्यावर नेला.

"परत!" मी ओरडलो. "गुरुमूर्ती, परत! परत!"

गुरुमूर्तीने इंजिन इतकं झटकन कमी केलं की रघुराम पुढे आपटला. नंदिता हळूहळू पाण्यात बसली. बोट वळवून आम्ही तिच्याजवळ गेलो. मी वाकून तिचं जॅकेट धरलं.

"काय झालं? कुठं दुखतंय? डोकं दुखतंय?"

"काही नाही ताता! केस डोळ्यांत येत होते. मी केस मागं घेत होते. कशाला थांबवलं? मस्त चाललं होतं!"

"आप्पा, तिला परत नको होतं," हरिप्रिया म्हणाली. ती हसत होती.

"हात डोक्यावर गेला की परत यायचं. विचारायचं नाही."

माझा आवाज चढला असावा. गुरुमूर्तीने वळून माझ्याकडे बघितलं, मग पुढे बघितलं. मी नंदिताला सांगितलं, केस बांधून ये, मग पुन्हा जाऊ. धक्क्याकडे परत येताना ती बोटीच्या कडेला बसून बोर्डचे बूट काढत होती आणि बापाला सांगत होती की ती किती वेळ उभी होती.

हरिप्रियाने पुन्हा विचारलं. हळू, फक्त मला ऐकू येईल असं.

"त्या दिवशी केली होती का आप्पा, ही खूण?"

"केली होती."

"आणि तुम्ही?"

"मी अंगठा दाखवला."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पदराने पुसलं. मला वाटलं, आता तिला कळलं. पण ती म्हणाली, "बरं झालं. म्हणजे जातांना तुम्ही दोघं बोललात. घरी या म्हणाली, तुम्ही येतो म्हणालात. तेवढं तरी झालं." "माझंच राहिलं. नऊचा फोन."

ती थोपट नव्हती, हरिप्रिया. हात खाली आला नाही. हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण धक्का आला. गुरुमूर्तीने दोर टाकला आणि मी उठून तो खांबाला बांधला.

*

संध्याकाळी पाच वाजता ती तिघं माझ्या घरून निघाली. चहा झाला होता. हरिप्रियाने नेहमीप्रमाणे डबे भरून ठेवले होते, आईची छत्री खुंटीला लावली होती. रघुरामने मित्राची व्हॅन आणली होती. ती गल्लीच्या तोंडाशी उभी होती, कारण आत वळायला जागा नाही.

मी फाटकापर्यंत आलो. तिथून पुढे जायला मला जमत नाही, गुडघा दुखतो, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मी तिला हाक मारायचं ठरवत होतो. रघुराम आणि नंदिता पुढे गेले. ती एकटी चार पावलं मागे होती.

"हरी."

ती वळली. "काय आप्पा?"

"शनिवारी नऊ वाजता फोनकडे बघत बसू नकोस."

"ह्यांनी सांगितलं वाटतं तुम्हाला." ती हसली. "सरी, बरं, नाही बसणार. तुम्ही जेवा वेळेवर. सांबार गरम करून घ्या, तसंच गार खाऊ नका."

आणि ती गेली.

ती व्हॅनमध्ये मागच्या सीटवर बसली. नंदिताही मागेच, मागे तोंड करून, गुडघ्यांवर. दोघी काचेतून माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, अजून वेळ आहे. हाक मारली तर ऐकू जाणार नाही, पण थांबवता येईल. मी डोक्यावर हात ठेवला. थोपटला नाही. ठेवला आणि तसाच राहू दिला. दुसऱ्या हाताने मी फाटक धरलं होतं.

हरिप्रियाने ते बघितलं. तिने नंदिताला कोपराने ढोसून दाखवलं. दोघी हसल्या. मग दोघींनी काचेला टेकवून अंगठे वर केले.

व्हॅन वळली.

मी थोडा वेळ तिथे उभा होतो. अलमेलू मामींनी त्यांच्या गॅलरीतून विचारलं, "काय राव, डोकं दुखतंय का?" मी हात खाली घेतला आणि नाही म्हणालो.

ती पुढच्या रविवारी आली, त्याच्या पुढच्याही आली. हरिप्रियाला मी अजून सांगितलेलं नाही.